सायकल विमानात की मुंबईच्या घरी?

परदेशात रोज सायकल चालवायची सवय लागली की मुंबईच्या सुट्टीत दोन-तीन दिवसांतच पाय शिवशिवायला लागतात. मग प्रश्न पडतो, आपली सायकल खोक्यात घालून विमानाने न्यावी की एक साधी सायकल मुंबईच्या घरीच कायमची ठेवून द्यावी? मी नेदरलँड्समधून दादरला जातो आणि दोन्ही करून पाहिलं आहे.

विमानाचा भाग वाटतो तेवढा अवघड नाही. आधी कळवलं आणि खोका 32 किलोच्या आत ठेवला, तर बहुतेक विमान कंपन्या सायकल घेतात. शुल्क मात्र ज्याचं त्याचं वेगळं. पेडल काढा, हँडल वळवा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, मात्र सोडवून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधा. त्याचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकला तर तुमच्याच फ्रेमला बसणारा हँगर दादरला चटकन मिळेल याची खात्री नाही. इ-सायकलवाल्यांनी हा विचारच सोडावा. 160 वॉट-तासांच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, आणि इ-सायकलची बॅटरी सहसा त्याहून बरीच मोठी असते.

खरी कटकट सहारला उतरल्यावर सुरू होते, आणि ती सायकलची नाही, खोक्याची. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी. टपावर कॅरियर असलेली गाडी मिळाली तर नशीब, नाहीतर मोठी गाडी बोलवा. घरी पोचून सायकल जोडली की रिकामा खोका उरतो, जवळजवळ दीड मीटर लांब, आणि परत जाताना तोच लागणार. आमच्या दोन खोल्यांत तो आधी कपाटामागे गेला, मग पलंगाखाली शिरेना म्हणून दारामागे आला. तिथे दार अर्धंच उघडायला लागलं. आई रोज विचारायची, "हे अजून किती दिवस?" जिन्यात ठेवला तर सोसायटीचे सेक्रेटरी वर येणार. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन कोपरे मऊ पडतात. शिवाय घरातल्या कुणाच्याही नजरेला रिकामा खोका म्हणजे रद्दीच, त्यामुळे भंगारवाल्याची हाक आली की माझं लक्ष तिकडे. खोका टाकून द्यावा आणि निघताना सायकलच्या दुकानातून दुसरा मागावा, असं कुणी म्हणेल. तसं जमतं, दुकानदार देतातही. पण मापाचा हवा, आधी सांगून ठेवायला हवा, आणि तो घरी आणायला पुन्हा टॅक्सी, पुन्हा तीच डिकी.

घरी ठेवलेल्या सायकलचे दोष वेगळे. वर्षभर उभी राहिली तर चेन गंजते, ट्यूबमधली हवा जाते. याला माझ्या मते एकच उपाय, ती कुणीतरी चालवत राहणं. आमची सायकल भाचा क्लासला नेतो. त्याने ती कधी पुसली नसेल, पण चालू ठेवली आहे. वॉल्व्ह मात्र जाड तोंडाचा घ्या. बारीक प्रेस्टा वॉल्व्ह पाहिला की नाक्यावरचा पंक्चरवाला मान हलवतो. (गंमत म्हणजे डच लोकांच्या साध्या सायकलींना आपल्याकडचाच जुना वॉल्व्ह असतो.)

आणि मुंबईत चालवणार तरी कुठे? सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, तिन्हीकडे सायकलला मनाई. उरते ती पहाटेची दादर ते मरीन ड्राइव्ह फेरी, तीही पेव्हर ब्लॉकचे उंचवटे आणि खोदलेले चर चुकवत. तिथे महागड्या फ्रेमचा फरक मला तरी जाणवला नाही. सीटचा मात्र जाणवला. म्हणून आता मी माझी सीट आणि पेडल तेवढी बॅगेत घालून नेतो. पेडलचे आटे बहुतेक मोठ्या सायकलींना सारखेच असतात. सीटची उंची दांड्यावर चिकटपट्टी लावून कायमची ठरवली आहे, भाचा खाली करतो तो भाग सोडा. परतताना अख्खी बॅग गोडा मसाला, मेतकूट आणि कोकमांना मोकळी राहते.

तुमचा बेत कोकणचा असेल तर मी गप्प बसेन. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, तिथून रेवदंडा, मुरूड, पुढे आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला अशा खाड्या जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, पार करत दक्षिणेला उतरायचं, तर रोज तासन्‌तास बसायला आपल्या मापाचीच सायकल हवी. तेवढ्यासाठी खोका सोसावा. घरी चालवणारं कुणीच नसेल तर सोळा इंची चाकांची घडीची सायकल आहे. काही तर घडी घालून साध्या बॅगेच्या मापात बसतात, म्हणजे खोक्याचा प्रश्नच मिटला. पण त्या छोट्या चाकांना आपल्याकडचा खड्डा फार मोठा वाटतो. दादरहून शिवाजी पार्कापर्यंत ठीक.

सीट-पेडलचा मार्ग धरलात तर 15 मिमीचा पाना चेक-इनच्या बॅगेत टाका, आणि डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे भाच्यालाही सांगून ठेवा.