मोझार्टचे दोन सोनाटा: आधी ई मायनर की बी फ्लॅट?

व्हायोलिन आणि पियानोची नवी जोडी जमली की मोझार्टचे हे दोन सोनाटा (अनेक भागांच्या वाद्यरचना) हमखास समोर येतात. ई मायनर (के. 304; ‘के.’ म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या कोशेल यादीतला क्रमांक) हा 1778चा, बी फ्लॅट मेजर (के. 454) 1784चा. एकमेकांच्या वाजवण्याची अजून सवय झालेली नसेल, तर माझ्या मते ई मायनरच आधी घ्यावा.

तो लहान आहे. दोनच मूव्हमेंट (म्हणजे भाग), साधारण बारा-तेरा मिनिटं. बोटांना फारसा जड नाही, पण सोपा समजू नका. सुरुवातीलाच दोघं एकच धून वाजवतात, खाली स्वरसंगतीचा आधार नाही. पियानोचे स्वर ठरलेले, त्यामुळे व्हायोलिन केसभर जरी सरकलं तरी लगेच कानाला टोचतं. पुढे तीच धून परत येते तेव्हा पियानो तिच्याखाली करकरीत कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) टाकतो आणि ओळखीची धून एकदम बिथरल्यासारखी वाटते. ती जागा दोघांनी मिळून बसवायला हवी. दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये मध्येच मायनर सोडून ई मेजरचा भाग येतो, अगदी हळुवार. तिथे लय ओढायचा मोह होतो, आवरा.

हा सोनाटा मोझार्टच्या आईच्या मृत्यूचं दुःख सांगतो, असं सर्रास म्हटलं जातं. ती 3 जुलै 1778ला पॅरिसमध्ये गेली हे खरं, पण याचं लेखन त्याआधी जर्मनीतल्या मानहाइममध्येच सुरू झालं होतं. तेव्हा वाजवताना उगाच रडवेपणा आणू नये.

के. 454चं प्रकरण वेगळं. इथे व्हायोलिनला पियानोच्या बरोबरीचा मान आहे, कारण तो रेजिना स्ट्रिनासाकी या इटालियन वादिकेसाठी लिहिलेला. 29 एप्रिल 1784ला व्हिएन्नात तिने आणि मोझार्टने तो वाजवला तेव्हा पियानोचा भाग पूर्ण लिहूनच झाला नव्हता. मोझार्टने तो मनातूनच वाजवला, असं सांगतात. हस्तलिखितात व्हायोलिनच्या ओळी आधी लिहिलेल्या आणि पियानोच्या ओळी नंतर वेगळ्या शाईने दाटीवाटीने बसवलेल्या दिसतात. गंमत म्हणजे त्याच वर्षी तो छापला गेला तो पियानोच्या दोन एकल सोनाटांसोबत, व्हायोलिन पियानोच्या साथीला म्हणून!

यात तीन मूव्हमेंट आहेत, वीस मिनिटांच्या वर वेळ लागतो. भारदस्त लार्गो (अगदी संथ), मग अॅलेग्रो (जलद). मधल्या अँडांतेमध्ये (मध्यम संथ लय) लांबलचक सूर न तुटता धरायचे, म्हणजे गज फार जपून वापरावा लागतो. शेवटच्या अॅलेग्रेटोत (बऱ्यापैकी जलद) दोघांच्याही बोटांचा कस लागतो. व्हायोलिन वाजवणारी व्यक्ती मुरलेली असेल आणि पियानो वाजवणाऱ्याला वाट देण्याची सवय असेल, तर थेट हाच घ्या. श्रोत्यांवर याची छाप जास्त पडते, हे मान्य.

पियानो नेहमीचा मोठा ग्रँड असेल तर दोन्हीत डावा हात हलका ठेवा. मोझार्टच्या काळातल्या फोर्टेपियानोचा (पियानोच्या जुन्या रूपाचा) आवाज बराच बारीक होता. झाकण मात्र बंद करू नका, थोडं उघडं राहू द्या.