सहा महिन्यांचे पैसे घेतले, रिचार्ज मारला एका महिन्याचा

७,२४१ रुपये गेले. त्यातले ६,७४१ यूपीआयने, ५०० रोख. एवढ्या पैशांत मला १०० एमबीपीएसचं सहा महिन्यांचं फायबर कनेक्शन, नवं ओएनटी (फायबरची वायर ज्या डब्यात येते आणि ज्यातून वायफाय मिळतं, तो डबा) आणि नवी वायर मिळणार होती. मिळालं काय, तर ४० एमबीपीएसचा एका महिन्याचा प्लॅन, आधीच्या भाडेकरूचं जुनं डबडं आणि त्याचीच जुनी वायर. कंपनीकडे जमा झाले फक्त ४७०.८२ रुपये. बाकीचे ६,७७० कनेक्शन लावायला आलेल्या माणसाने खिशात घातले. लिहायला लाज वाटते, कारण या वायरी, हे डबे, हे आकडे मला चांगले कळतात. तरीही फसलो. ११ महिन्यांच्या करारावर राहणारे आणि नेटशिवाय दोन दिवसही काढू न शकणारे लोक या माणसांना बरोबर सापडतात, म्हणून सगळं लिहितोय.

तो काही रस्त्यावरून उचललेला माणूस नव्हता. गेटवर कंपनीच्या लोगोचं स्टिकर होतं, त्यावर त्याचा नंबर. वॉचमनकाका म्हणाले, "हाच लावतो सगळ्यांकडे." घरमालकांकडेही तोच नंबर होता. गळ्यात ओळखपत्र, हातात फायबरमधला प्रकाश मोजायचं पॉवर मीटर. याच्यावर संशय घ्यायचा तरी कशावरून? आता कळतंय की लोगोचं स्टिकर कुणीही छापून आणतं. नंबर घ्यायचा तो कंपनीच्या अॅपवरून किंवा वेबसाइटवरूनच. आपल्या पत्त्यावर कोणत्या परवानाधारक कंपन्या सेवा देतात, हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर पिनकोड टाकला की दिसतं. आधी तिथे बघा, मग गेटवरचं स्टिकर.

त्याने सांगितलेला हिशोब असा. ५९९ रुपये महिना, सहा महिन्यांचे ३,५९४. त्यावर १८ टक्के जीएसटी ६४६.९२, म्हणजे ४,२४०.९२. ओएनटीचं परत मिळणारं डिपॉझिट १,५००. नवीन ड्रॉप केबल (बिल्डिंगमधून घरात येणारी फायबरची वायर) आणि जोडणी १,०००. मिळून ६,७४०.९२. वर "सोसायटीच्या परवानगीचे" ५०० रोख. जीएसटी पैशापर्यंत बरोबर काढला होता, आणि त्याच अचूकपणावर माझा विश्वास बसला. बिल म्हणून व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला: वर लोगो, खाली बेरीज. त्यावर जीएसटी नंबर नव्हता, इनव्हॉइस नंबर नव्हता, ग्राहक क्रमांकही नव्हता. जीएसटी घेणाऱ्याच्या बिलावर १५ अक्षरांचा नंबर असलाच पाहिजे. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटी पोर्टलवर तो टाकला की धंद्याचं नाव समोर येतं. मी टाकला नाही, कारण टाकायला नंबरच नव्हता. ५०० रुपयांचं नंतर सेक्रेटरींना विचारलं. सोसायटी असे पैसे घेतच नाही.

सहा महिन्यांचे एकदम का दिले? एकेका महिन्याचा प्लॅन घेतला तर जोडणीचे वेगळे २,००० पडतील आणि ओएनटी विकत घ्यावं लागेल, असं त्याने सांगितलं. मोठ्या मुदतीवर जोडणीचा खर्च सोडून देणं ही बऱ्याच कंपन्यांची पद्धत असते, त्यामुळे ते पटलं. पण भाड्याच्या घरात हे गणित उलटं असतं. मालकाने घर सोडायला सांगितलं, तर नव्या पत्त्यावर त्या कंपनीची फायबर असेलच असं नाही. तिथे नसेल तर उरलेले महिने बुडाले. पहिला रिचार्ज एकाच महिन्याचा करा, मग समोरचा कितीही सूट देवो.

आता काम कसं केलं ते बघा. दाराच्या वर, डक्टच्या बाजूने एक पांढरी, चपटी ड्रॉप केबल आधीपासूनच आत आलेली होती. तिच्या टोकावर मळकट हिरवा कनेक्टर होता. त्याने तो कापून टाकला, वरचं आवरण सोलून काढलं, आतली काचेची तार अल्कोहोलच्या कापडाने पुसली, क्लीव्हर नावाच्या कटरने कापली आणि हाताने बसणारा नवा फास्ट कनेक्टर बसवला. दहा मिनिटांत. ड्रिल बॅगेतून बाहेरही काढलं नाही. मी विचारलं, "नवीन वायर कुठाय?" तर म्हणाला, "सर, शाफ्टमधून नवीन ओढलीये, आतला तुकडा तेवढा तोच ठेवलाय, भिंत खराब नको." भिंत भाड्याची. डिपॉझिट कापलं जाण्याची भीती प्रत्येक भाडेकरूला असते, आणि तो नेमकं तेच बोलला.

मीटरवर आकडा होता −२६.४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). ओएनटीला साधारण −८ ते −२७ च्या मधला प्रकाश लागतो. −२० च्या आसपास असेल तर निर्धास्त, −२६ म्हणजे काठावर. नव्या केबलला, नीट जोडणीला असा आकडा यायला नको. कुठेतरी केबल वाकलेली, मळकी किंवा जुनी जोड असलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी आकडा बघितला आणि "चालेल ना?" असं विचारलं. तो "चालेल" म्हणाला. तुम्ही मीटरचा फोटो काढा आणि −२४ च्या खाली असेल तर जोडणी परत करायला लावा. पैसे त्यानंतर.

ओएनटी त्याने बॅगेतून काढून लावलं. तो डबा आमच्याच फ्लॅटच्या पोटमाळ्यावर पडलेला होता, हे मला घरमालकांकडून महिनाभराने कळलं. आदल्या दिवशी "पाहणीला" आला तेव्हा त्याने तो त्यांच्याकडून मागून नेला होता. ते चालू कसं झालं, हेही समजून घ्या. आधीच्या भाडेकरूच्या वेळी त्या डब्याचा सीरियल नंबर ओएलटीवर, म्हणजे कंपनीकडच्या मुख्य यंत्रावर, नोंदलेला होता आणि तो कुणी काढला नव्हता. पीपीपीओईचं, म्हणजे डब्यातून नेटला लॉगिन करायचं, युजरनेम आणि पासवर्ड तेवढा माझ्या नव्या खात्याचा टाकला. पॉनचा (फायबर जोडलं गेल्याचा) हिरवा दिवा लागला, एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) लाल विझला, नेट सुरू. डब्याखालचं स्टिकर अर्धं खरवडलेलं होतं आणि मागे जुन्या डबल टेपची काळी पट्टी होती. १,५०० रुपये देण्याआधी मी डबा उलटा करून बघायला हवा होता. सीलबंद खोक्यातलंच ओएनटी घ्या, खोक्यावरचा आणि डब्यावरचा सीरियल नंबर जुळतो का ते बघा, आणि डिपॉझिटच्या पावतीवर तो नंबर लिहून घ्या.

आणि आता ती दोन ठिकाणं, जी आठवली की अजून डोकं तापतं.

पहिलं, यूपीआय. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं. तिथे कंपनीचं नाव नव्हतं, फ्रँचायझीचं नव्हतं, एका बाईंचं नाव होतं. मी वाचलं. विचारलंसुद्धा. "ऑफिसच्या मॅडमचं खातं आहे सर." आणि मी पिन टाकला. ब्रॉडबँडचे पैसे कंपनीच्या अॅपमध्ये आपल्या ग्राहक क्रमांकावरच भरायचे. तिथे भरता येत नसतील, तर तुमचं खातं अजून उघडलेलंच नाही.

दुसरं, स्पीड. पहिल्याच संध्याकाळी ३९.२ आला. त्याला फोन केला. "सर, २.४ गिगाहर्ट्झचा डबा आहे, वायफायवर एवढंच येतं." हे अर्धं खरं आहे, म्हणून तर पचलं. गजबजलेल्या बिल्डिंगमध्ये २.४ वर ४०-५० च मिळतात, हा माझाही अनुभव होता. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नाही, त्यामुळे वायर लावून बघता आलं नाही. पण पुढचे तीन आठवडे हॉलमध्ये ३९.४, बेडरूममध्ये ३९.१, रात्री दोन वाजता ३९.३, हे मी डोळ्यांनी बघत होतो. वायफाय कमी पडतं तेव्हा आकडा हलतो. डब्याजवळ गेलं की वर जातो, दोन भिंती आड गेलं की पडतो, रात्री सुधारतो. प्लॅनने अडवलेला आकडा हलत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी त्या न हलणाऱ्या आकड्याकडे बघत राहिलो आणि वायफायला दोष दिला. शेजाऱ्यांकडून जुना लॅपटॉप आणून दहा मिनिटं लॅन केबल लावली असती, तर त्याच दिवशी त्याला धरता आलं असतं. डब्याचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं आणि प्लॅनही १०० चा असेल तर ९४ च्या आसपास मिळायला हवेत. ४० मिळाले तर प्लॅनच ४० चा आहे, कुणी काहीही सांगो.

तिसरी खूण मला दिसलीच नाही, कारण ती न आलेल्या एसएमएसची होती. ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीच्या) वेळी माझ्या मोबाइलवर आधारचा ओटीपी आला, तो मी त्याला सांगितला. पण अर्जात संपर्क क्रमांक म्हणून त्याने स्वतःचा नंबर टाकला होता. प्लॅनचा, रिचार्जचा, मुदतीचा प्रत्येक संदेश त्याच्याकडे गेला. स्वागताचा एसएमएस आला नाही, हे मला महिनाभर जाणवलंच नाही. अर्ज त्याच्या टॅबवर भरला जात असेल तर टॅब हातात घ्या, मोबाइल नंबरचा रकाना स्वतः वाचा आणि अर्जाची प्रत ईमेलवर मागवा.

३१ व्या दिवशी सकाळी नेट बंद. पॉनचा दिवा स्थिर, लाल दिवा नाही, म्हणजे फायबर ठीक. ब्राउझर उघडला की रिचार्जचं पान. त्याला फोन केला. "सर्व्हर मेंटेनन्स आहे सर, संध्याकाळपर्यंत होईल." चार दिवस हेच चाललं, मग फोन बंद.

कस्टमर केअरने नोंदणीकृत मोबाइल नंबर विचारला. माझा सांगितला, तर "हा आमच्याकडे नोंदलेला नाही, माहिती देता येणार नाही." खातं माझ्या नावावर, आधार माझं, घर माझ्या करारावर, आणि माहिती मलाच नाही! सात वेळा फोन केला. शेवटी आधार आणि भाडेकरार घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेलो, तेव्हा स्क्रीनवर दिसलं: प्लॅन ४० एमबीपीएस, ३९९ रुपये, जीएसटी ७१.८२, मुदत एक महिना, ओएनटी "ग्राहकाचं स्वतःचं", वायर "आधीची". म्हणजे जोडणीचा खर्चही नाही आणि डिपॉझिटही नाही. तिथला माणूस म्हणाला, तो आमचा नाही, फ्रँचायझीचा. फ्रँचायझीवाला म्हणाला, त्याने काम सोडलं. स्टिकर मात्र अजून गेटवर आहे.

पोलिसांकडे गेलो तर म्हणाले, "यूपीआयने दिलेत ना, मग सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "माणूस समोर होता ना, मग ठाण्यात जा." परत ठाण्यात गेलो, तर "हा दिवाणी मामला आहे, सात हजारांसाठी कुठे कोर्ट-कचेरी करता?" बँकेने सांगितलं की पिन मी स्वतः टाकला, त्यामुळे व्यवहार अनधिकृत ठरत नाही. दोन दिवस रजा काढून हे ऐकायचं! फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे आणि त्याला रकमेची किमान मर्यादा नाही. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मी पाठवली आहे, पोच जपून ठेवली आहे. पैसे गेल्याचं लगेच कळलं, तर सगळ्यात आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, कारण समोरच्या खात्यात रक्कम असेपर्यंतच ती गोठवता येते. माझे तोवर ३५ दिवस गेले होते.

ट्रायकडे (दूरसंचार नियामकाकडे) जाऊन वेळ घालवू नका, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. आधी कंपनीकडे तक्रार करून डॉकेट (तक्रारीचा) नंबर घ्यायचा, मग कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करायचं. त्याला फी नाही. "टेलिकॉमचं ग्राहक आयोगात चालत नाही" असं मला ऑफिसात ऐकवलं गेलं. ते चूक आहे. चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. माझा दावा कंपनी आणि फ्रँचायझी दोघांवर आहे. लोगो वापरू द्यायचा आणि माणूस आमचा नाही म्हणायचं, हे मी मान्य करणार नाही.

भाडेकरूंसाठी अजून एक, घर सोडतानाचं. कनेक्शन बंद करायचा अर्ज ईमेलने करा, ओएनटी कंपनीच्या ऑफिसात परत द्या आणि सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या. आमच्या आधीच्या भाडेकरूने घाईत डबा पोटमाळ्यावर ठेवला आणि निघून गेला. कंपनीच्या नोंदीत तो अजून त्याच्या नावावर थकीत आहे, आणि त्याच डब्याचे १,५०० रुपये मी भरले.