एका दशांश चिन्हासाठी ८९ युरो: हॉबी लायसन्सचे अकरा महिने

गेल्या महिन्यात लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने नवा बसवला. डिस्क जुनीच, एक फाइलही हलली नाही. घरी येऊन आयडीई, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, उघडलं तर पाटी: या संगणकावर लायसन्स नाही. लायसन्स मॅक अ‍ॅड्रेसला (नेटवर्क चिपच्या क्रमांकाला) बांधलेलं, आणि तो मदरबोर्डाबरोबर भंगारात गेलेला.

हे झालं नसतं तर मी लिहायलाही बसलो नसतो. कंपनीचं नाव घालत नाही, भांडण अजून मिटायचंय. कॉर्टेक्स-एम जातीच्या छोट्या चिपसाठीचा व्यावसायिक कंपायलर (कोड चिपच्या भाषेत बदलणारा) आणि डीबगर (चालत्या कोडमधल्या चुका शोधणारा), त्याचं छंदवाल्यांसाठीचं एका वर्षाचं लायसन्स. ८९ युरो, वर कार्डाचा साडेतीन टक्के मार्क-अप, आणि त्या मार्क-अपवर १८ टक्के जीएसटी. कराराला हौस समजत नाही, पण सरकारला प्रत्येक टक्का समजतो.

घेतलं कशाला? सोसायटीच्या टाकीसाठी पंप कंट्रोलर करत होतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणलेली ब्लू पिल, म्हणजे एसटीएम३२एफ१०३ चिपचा छोटा बोर्ड, कोड साठवायला ६४ केबी फ्लॅश मेमरी. जीसीसीने, म्हणजे फुकटच्या कंपायलरने, बिल्ड केलं की शेवटी तुकडे जोडणारा लिंकर बोंबलायचा: १,८१२ बाइट्स जास्त. दोन रविवार घालवूनही बसेना. विकतच्या कंपायलरने तोच कोड पहिल्या झटक्यात ५७ केबीत बसवला. रात्री पावणेबाराला बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "टाकी भरली का?"

पहिले चार महिने मी भेटेल त्याला हे लायसन्स घ्या म्हणून सांगत होतो. मग एकदा सहज मॅप फाइल, म्हणजे कुठला तुकडा किती जागा खातो त्याची यादी, चाळली. पाण्याची पातळी मी प्रिंटएफने एका दशांशापर्यंत छापत होतो, आणि त्या एका ओळीपायी फ्लोटिंग पॉइंटचं, म्हणजे दशांश हिशेबाचं, अख्खं बिऱ्हाड लायब्ररीतून आत येत होतं. पातळी मिलिमीटरमध्ये, पूर्णांकात ठेवली, न्यूलिब लायब्ररीऐवजी तिची छोटी आवृत्ती न्यूलिब-नॅनो लावली. फुकटच्या जीसीसीतही सगळं ४३ केबीत बसलं.

तेव्हा मी हे सगळं काढूनच टाकणार होतो, पण डीबगरने थांबवलं. ब्लू पिलच्या कॉर्टेक्स-एम३ मध्ये हार्डवेअर ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायच्या खुणा, सहाच. या डीबगरने फ्लॅशमध्ये हवे तेवढे लावता येतात. त्याहून कामाचं म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना व्हेरिएबलचा आलेख दिसतो. पंप सुरू झाला की त्याला चालू-बंद करणारा रिले टकटक करायचा, आणि ब्रेकपॉइंटवर थांबवलं की दुखणं गायब. आलेखात दिसलं: वरून पाणी पडायला लागलं की सेन्सरचं वाचन ४० मिलिमीटर वरखाली नाचतंय. आठ वाचनांची सरासरी घेतली, पंप बंद आणि चालू होण्याच्या पातळ्यांत अंतर ठेवलं, टकटक थांबली. एवढ्यासाठी पैसे दिले असं धरलं तर तक्रार नाही. जे-लिंकच्या ईडीयू प्रोबवरही (संगणक चिपला जोडणारं उपकरण) अमर्याद फ्लॅश ब्रेकपॉइंट मिळतात, पण अट तिथेही तीच: शिक्षण किंवा नॉन-कमर्शियल वापर.

आणि माझं घोडं याच 'नॉन-कमर्शियल' शब्दावर अडलंय. लायसन्स नव्या मदरबोर्डवर हलवून द्या, एवढीच माझी मेल होती. उलट प्रश्न आला: हे कशासाठी वापरता, मोबदला घेतलात का? मी भाबडेपणाने खरं सांगितलं. सोसायटीने व्हाउचरवर ४,८०० रुपये दिले, पाच हजारांच्या आत म्हणून रेव्हेन्यू स्टॅम्पसुद्धा लावला नव्हता. सुटे भाग ४,३१० चे. उरलेल्यात प्लंबरचा चहा-वडापाव आणि माझ्या पासोड्या विठोबाच्या तीन फेऱ्यांचं पेट्रोल. नऊ दिवसांनी उत्तर आलं की कोणताही मोबदला म्हणजे व्यावसायिक वापर, पूर्ण लायसन्सचं कोटेशन सोबत जोडलंय. कोटेशनचा आकडा वाचून मी पाणी प्यायलो.

केल या दुसऱ्या विकतच्या कंपायलरच्या फुकट आवृत्तीत कोडला ३२ केबीची मर्यादा असायची. तेव्हा तिच्या नावाने बोटं मोडली, आता वाटतं ती सरळ होती. बाइट मोजता येतात, माझा हेतू कुठल्या मॅप फाइलमध्ये दिसतो? बोर्ड मी कीकॅड या सर्किट-बोर्ड आखायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये काढला, तिथे हा प्रश्नच येत नाही. आधी ईगल या तसल्याच सॉफ्टवेअरवर होतो. ते २०१६ साली ऑटोडेस्क कंपनीकडे गेलं, २०१७ पासून वर्गणी सुरू झाली, आणि ७ जून २०२६ ही त्याची शेवटची तारीखही जाहीर झाली. तिकडून वेळीच निघालो. इथे मात्र स्वतःहून अडकलो.

सेक्रेटरीकाकांना हे सांगितलं तर ते पेटले. लेटरहेडवर पत्र टाइप करून दिलं, "सदर सभासदाने काम विनामोबदला केले असून रक्कम केवळ साहित्याची आहे", खाली सोसायटीचा गोल शिक्का. स्कॅन करून पाठवलं. सहा दिवस झाले, उत्तर नाही. लायसन्सची मुदत बावीस दिवसांनी संपतेय. तोवर एसटी-लिंक प्रोब आणि ओपनओसीडी या फुकट डीबगिंग सॉफ्टवेअरवर भागवतोय. आलेख नाही, बाकी अडत नाही.

घेणारच असाल तर डोंगलवालं, म्हणजे यूएसबीला लावायच्या किल्लीत लायसन्स असलेलं, घ्या, मदरबोर्ड बदलला तरी ते चालतं. मलाही तो पर्याय दिसला होता. ३० युरो जास्त होते, म्हणून सोडला.