‘पेसर’ : अमेरिकी न्यायालयांच्या नोंदी नाशिकमध्ये बसून वाचताना

अंबडमधील आमच्या कार्यालयातून अमेरिकेतील छतदुरुस्ती कंपन्यांसाठी रात्रपाळीत फोन केले जातात आणि ते तिथल्या कायद्यात बसतात की नाही, हे पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. अशा फोनवरून आमच्या एका ग्राहक कंपनीवर दावा झाला, तेव्हा वारंवार दावे करणाऱ्यांना फोन जाऊ नये म्हणून त्यांच्या फोन क्रमांकांची एक यादी आम्ही विकत घेतली. पण कोणी, कोठे आणि कशासाठी दावा केला, याचा त्यात काहीच उलगडा नव्हता. त्यामुळे मी तिथल्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयांची ‘पेसर’ ही सार्वजनिक नोंदसेवा वापरू लागले.

नोंदणीला पैसे पडत नाहीत. प्रत्येक पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर असा दर असून, तिमाहीचे बिल ३० डॉलर किंवा त्याहून कमी असल्यास ते माफ होते. मात्र नावाने शोध घेतल्यावर येणाऱ्या यादीला ३ डॉलरची मर्यादा लागू नाही, आणि सर्रास आढळणारे आडनाव टाकले की पानांमागून पाने निघतात. म्हणून तारखा ठरवून घ्याव्यात आणि दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायद्याच्या दाव्यांसाठी असलेला ४८५ हा प्रकार-क्रमांक निवडावा. त्याआधी ‘कोर्टलिसनर’ या मोफत संकेतस्थळावर एकदा पाहावे. इतरांनी पैसे भरून उतरवलेली बरीच कागदपत्रे तिथे मिळतात.

खरा लाभ वादपत्रे वाचण्यात आहे. १९९१ च्या या कायद्यानुसार एका बेकायदा फोनमागे ५०० डॉलर आणि उल्लंघन जाणूनबुजून झाले असल्यास १,५०० डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते, त्यामुळे तेच नाव अनेक दाव्यांत का दिसते, हे समजते. पुष्कळ दावे वादीने स्वतः मागे घेतल्याची नोंद होऊन संपतात. तडजोड किती रकमेची झाली हे त्यातून कळत नाही, आणि मागे घेतलेला दावा खोटाच होता असेही म्हणता येत नाही. पेन्सिल्व्हेनियातील एका फेडरल न्यायालयाने २०१६ मध्ये, दावे करण्यासाठीच किमान ३५ मोबाइल फोन घेतलेल्या एका महिलेला दाद मागण्याचा अधिकार नाकारला होता. व्यवसायातील लोक हा निकाल फार आवडीने सांगतात, परंतु मी वाचलेल्या वादपत्रांत अशी तऱ्हा अपवादानेच दिसली. बहुतेकांत तक्रार साधी होती : विक्रीचे फोन नको असलेल्यांच्या ‘डू नॉट कॉल’ नोंदणीत क्रमांक असताना फोन आले, थांबवा असे सांगूनही आले, किंवा सकाळी ८ च्या आधी आणि रात्री ९ नंतर आले.

ती वाचताना मला आमच्याच चुका दिसल्या. क्रमांकाच्या एरिया कोडवरून आम्ही वेळ ठरवत होतो. पण न्यूयॉर्कचा क्रमांक घेऊन कॅलिफोर्नियात राहायला गेलेल्या माणसाला आमचा सकाळी नऊचा फोन पहाटे सहाला जातो. आता पत्त्यावरून वेळ ठरते आणि ‘फोन करू नका’ ही विनंती त्याच पाळीत नोंदवली जाते.

उणिवा आहेतच. राज्य न्यायालयांतील दावे इथे मिळत नाहीत. एकाच नावाच्या दोन व्यक्तींची गल्लत सहज होते, म्हणून वादपत्रातील शहर आणि वकील पडताळल्याशिवाय कोणावरही ‘सराईत’ असा शिक्का मारू नये. वादीचा फोन क्रमांक बहुधा अर्धवटच छापलेला असतो, त्यामुळे टाळायच्या क्रमांकांची यादी यातून तयार होत नाही. ज्यांना तेवढेच हवे आहे त्यांची निराशा होईल. आपल्याकडे ई-कोर्ट्सवर नाशिक जिल्हा न्यायालयातील प्रकरणे पक्षकाराच्या नावाने विनामूल्य पाहता येतात, पण न्यायालय संकुल आणि वर्ष निवडावे लागते; पेसरवर देशभरातील फेडरल दावे एकाच शोधात समोर येतात, आणि माझ्या कामासाठी तेवढ्याकरिता पैसे मोजणे मला योग्य वाटते.