जळगावातील प्रौढ महिलांच्या कथक वर्गाविषयी, सहा महिन्यांच्या अनुभवानंतर

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी नृत्य शिकायला सुरुवात करायची असे मी ठरवले, तेव्हा कोणत्या वर्गात जावे हे सांगणारे जवळपास कोणी नव्हते. आमच्याकडे खानदेशात कानबाई देवीच्या विसर्जनाला साठीच्या बायकासुद्धा मिरवणुकीत फुगड्या घालतात आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मात्र त्याच बाईने नृत्याच्या वर्गात नाव घातले की ‘आता कशाला?’ हा प्रश्न घरातूनच येतो. त्यामुळे वर्ग निवडताना मी बरीच चौकशी केली. जानेवारीपासून जळगावातील ज्या कथक वर्गात मी जात आहे, त्याविषयी इथे लिहीत आहे.

त्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन पाहिले. एका वर्गात मोठ्यांसाठी वेगळी तुकडी नव्हती. आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या मागे उभे राहून त्यांच्या वेगाने पाय टाकावे लागत होते आणि मागच्या रांगेकडे तासभर कोणी पाहिले नाही. दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच दिवशी एका गाण्यावरच्या हालचाली बसवायला घेतल्या. लग्नाच्या संगीत समारंभापुरते नाचायचे असेल, तर ही पद्धत उपयोगी आहे, तसेच नवरात्रापूर्वीचे गरब्याचे थोड्या दिवसांचे वर्गही आपापल्या जागी चांगले असतात. पण ते गाणे संपल्यावर हाती काय उरते, हा माझा प्रश्न होता.

सध्याच्या वर्गाने माझे मन पहिल्याच भेटीत जिंकले, कारण शिकवणाऱ्या ताईंनी शुल्क सांगण्याआधी गुडघे, कंबर, रक्तदाब आणि बाळंतपणे यांविषयी विचारले. प्रसूतीनंतर अनेक स्त्रियांचा उडी मारताना किंवा जोरात पाय आपटताना लघवीवर ताबा राहत नाही आणि त्या लाजेपायी कारण न सांगता वर्ग सोडतात. ताईंनी हे स्वतःहून, अगदी साध्या शब्दांत काढले, अशा वेळी पायाचा आघात कमी ठेवता येतो असे सांगितले आणि त्रास कायम असेल, तर डॉक्टरांना दाखवायला सुचवले. प्रौढ स्त्रियांना शिकवण्याची ही खरी पात्रता आहे, असे माझे मत आहे.

शिकवण्याची रीत सावकाश आहे. पहिले दोन आठवडे आम्ही घुंगरांना हातही लावला नाही. तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणजे ठोके, त्यांचे चार-चार मात्रांचे चार विभाग, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर ‘खाली’ म्हणजे टाळी न वाजवता हात उघडणे, हे सारे बसून, हाताने ताल धरून पाठ केले. मग तोंडाने ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ म्हणायचे आणि त्यानंतरच पायांनी. पहिल्या चार बोलांना उजव्या पायाने सुरुवात होते आणि पुढच्या चारांना डाव्या पायाने. ऐकायला सोपे वाटणारी ही अदलाबदल माझ्या पायांत उतरायला तीन आठवडे लागले. या काळात ताईंनी लय वाढवली नाही. चुकणारीला पुढे बोलावून सगळ्यांसमोर करायला लावण्याची सवय त्यांना नाही. त्या स्वतः मागे येऊन शेजारी उभ्या राहतात आणि आपल्यासोबत तत्कार, म्हणजे या बोलांवरचे पायांचे आघात, करतात. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या काकू अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. मे महिन्यात त्यांचा तत्कार दुगुणीत म्हणजे दुप्पट लयीत पहिल्यांदा न अडखळता समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या महिन्यात घुंगरू आले. नवशिक्यांनी एका पायाला पन्नास घुंगरांपासून सुरुवात करावी, पितळी घुंगरू सुती दोरीत ओवलेले घ्यावेत आणि चामड्याच्या पट्ट्यावरचे टाळावेत, असे ताईंनी सांगितले. चक्कर म्हणजे कथकमधली गिरकी शिकताना पहिल्या दिवशी मला भोवळ आली. नजर समोरच्या एका खुणेवर ठेवून शरीर फिरले तरी मान शेवटी आणि झटकन वळवायची, हे जमू लागल्यावर तो त्रास पुष्कळ कमी झाला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तबल्याची साथ नाही. लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनासोबत फिरणारी सुरावट, मोबाइलवर वाजतो आणि जिवंत ठेक्यावर पाय टाकण्याचा आनंद त्यात मिळत नाही. महिन्यातून एकदा तरी तबलावादक बोलवावा, ही आमची मागणी अजून पूर्ण झालेली नाही. जमीन काँक्रीटवर बसवलेल्या फरशीची आहे. अशा कडक जमिनीवर अनवाणी तत्कार केल्यास नडगी आणि टाच भरून येते आणि पहिल्या महिन्यात मला तो त्रास झालाच. टाच न आपटता तळवा सपाट पडू द्यावा, हे तेव्हा समजले. तरीही लाकडी जमीन असलेली जागा मिळाली, तर ताईंनी ती जरूर घ्यावी. कपडे बदलायला वेगळी खोली नाही, म्हणून आम्ही घरूनच सलवार-कुर्ता घालून जातो.

वेळेचा विचार मात्र नेमका केला आहे. आठवड्यातून दोन दिवस, दुपारी तीन ते चार, म्हणजे जेवणाची झाकपाक झाल्यानंतर आणि मुले शाळेतून येण्याआधी. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा चव्वेचाळीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा वर्ग सकाळी साडेसहाला घेतला गेला. नोकरी करणाऱ्या स्त्रियांना दुपारची वेळ अर्थातच अशक्य आहे आणि त्यांच्यासाठी संध्याकाळची तुकडी अजून नाही. शुल्क महिना नऊशे रुपये आहे. बुडालेला तास त्याच महिन्यात लहान मुलींच्या तुकडीसोबत भरून काढता येतो, पण ते मी एकदाच केले आणि पुन्हा करावेसे वाटले नाही.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसायचे की नाही, हे ताई ज्याच्या त्याच्यावर सोपवतात. मी यंदा बसणार नाही, कारण मला आधी तत्कार चौगुणीत म्हणजे चौपट लयीत स्वच्छ यायला हवा आहे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांनी नाव घालण्याआधी एकदा तो जिना चढून, तासभर वर्ग पाहून आणि उतरून पाहावा.