केव्हीएमवरील विंडोज गेस्टमधून गायब झालेला आवाज : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्यांचे मराठीत शब्दांकन करणे हे माझे रोजचे काम असून, त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम केवळ विंडोजवर चालतो. डेस्कटॉपवर मात्र डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. त्यामुळे क्यूएमू-केव्हीएम (लिनक्सवर आभासी संगणक चालवणारी व्यवस्था) आणि व्हर्ट-मॅनेजर (ती हाताळणारा प्रोग्रॅम) यांच्या साहाय्याने विंडोज १० ची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, मी गेले अनेक महिने वापरत आहे. त्यातील विंडोज म्हणजे 'गेस्ट' आणि बाहेरचे डेबियन म्हणजे 'होस्ट'. वेग, स्थैर्य आणि स्नॅपशॉटची (मशीनची स्थिती जपून ठेवण्याची) सोय याबाबत मी पूर्ण समाधानी आहे. आवाजाबाबतही आज समाधानी आहे. परंतु तिथवर पोहोचताना जे समजले ते सविस्तर नोंदवणे मला गरजेचे वाटते, कारण गेस्टमध्ये आवाज नसला की सर्रास दिला जाणारा 'ड्रायव्हर पुन्हा टाका' हा सल्ला येथे अजिबात उपयोगी पडला नाही.

ही मशीन पूर्वी एका सर्व्हरवर होती आणि व्हीएनसी या दूरचा स्क्रीन पाहण्याच्या पद्धतीने पाहिली जात असे. ती माझ्या डेस्कटॉपवर आणल्यानंतर विंडोज व्यवस्थित सुरू झाले. टास्कबारवरील स्पीकरच्या चिन्हावर फुली नव्हती, ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' दिसत होते, आणि मुलाखत सुरू करताच त्याच्या शेजारची हिरवी पट्टी बोलणाऱ्याच्या शब्दागणिक वरखाली होत होती. हेडफोनमध्ये मात्र काहीच ऐकू येत नव्हते.

ती हिरवी पट्टी हाच सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. पट्टी हलते आहे याचा अर्थ प्रोग्रॅम, विंडोज आणि ड्रायव्हर आपापले काम चोख करत आहेत आणि आवाज आभासी साउंडकार्डापर्यंत पोहोचला आहे. यानंतर होस्टवर पाव्हूकंट्रोल हा आवाज नियंत्रित करणारा प्रोग्रॅम उघडून 'प्लेबॅक' हा भाग पाहावा. गेस्टमध्ये ध्वनिफीत चालू असताना तेथे व्हर्ट-मॅनेजरची ओळ दिसत असेल, तर अडचण होस्टच्या बाजूला आहे. बहुतेक वेळा ती ओळ म्यूट असते किंवा आवाज एचडीएमआयमार्गे स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जात असतो. माझ्याकडे ती ओळच नव्हती. म्हणजे आभासी कार्ड आणि होस्ट यांच्या मधल्या वाटेवर आवाज नाहीसा होत होता, आणि विंडोजमध्ये कितीही शोधले तरी तेथे काही सापडण्यासारखे नव्हते.

या मधल्या वाटेची रचना समजून घेण्याजोगी आहे. सिस्टिम जोडणीवर चालणारी व्हर्च्युअल मशीन डेबियनमध्ये 'लिबव्हर्ट-क्यूएमू' या वेगळ्या युजरच्या नावाने चालते, तर पाइपवायर किंवा पल्सऑडिओ हे आवाज हाताळणारे प्रोग्रॅम आपल्या स्वतःच्या लॉगिनमध्ये चालतात. एका युजरच्या प्रोसेसला दुसऱ्याच्या ध्वनिव्यवस्थेत सहसा प्रवेश मिळत नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. म्हणून नेहमीचा मार्ग असा, की क्यूएमू आवाज स्पाइसकडे (मशीनचा स्क्रीन आणि आवाज आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्या पद्धतीकडे) सोपवते आणि आपण उघडलेली कन्सोलची खिडकी तो आपल्या लॉगिनमधून वाजवते. व्हीएनसी डिस्प्ले असलेल्या मशीनसाठी मात्र लिबव्हर्ट (व्हर्ट-मॅनेजरच्या मागे राहून मशीन हाताळणारी व्यवस्था) मूळ सेटिंगनुसार होस्टचा ऑडिओ बंदच ठेवते आणि मशीनच्या एक्सएमएलमध्ये (तिची सेटिंग नोंदवलेल्या मजकुरात) ऑडिओचा प्रकार 'नन', म्हणजे 'काहीच नाही', असा नोंदवते. हा 'नन' प्रकार गेस्टकडून येणारा आवाज ठरलेल्या गतीने स्वीकारतो आणि टाकून देतो. त्यामुळे गेस्टला कोणतीही त्रुटी जाणवत नाही, पट्टी हलत राहते, फीत पुढे सरकत राहते.

येथे आणखी एक बारकावा आहे, आणि माझा सर्वाधिक वेळ त्यातच गेला. डिस्प्ले व्हीएनसीवरून स्पाइस केला तरी एक्सएमएलमधील ती 'नन'ची ओळ आपोआप बदलत नाही. ती जशीच्या तशी मागे उरते. व्हर्ट-मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये एक्सएमएल संपादनाची परवानगी चालू करून, ऑडिओच्या ओळीतील 'नन' हा शब्द काढून तेथे 'स्पाइस' असे लिहावे लागते. त्यानंतर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी. विंडोजमधून केवळ रीस्टार्ट केल्यास क्यूएमूची जुनी प्रोसेसच चालू राहते आणि बदल लागू होत नाही. एवढे केल्यावर पाव्हूकंट्रोलमध्ये ओळ दिसू लागली आणि आवाज आला. येथेही ओळ न दिसल्यास होस्टवर जीस्ट्रीमर या ध्वनी-चित्रफिती वाजवणाऱ्या संचाचे 'गुड' प्लगइन आहेत की नाहीत ते पाहावे, कारण स्पाइसची खिडकी आवाज वाजवण्यासाठी त्यांच्यावर अवलंबून असते.

ज्यांच्या गेस्टमध्ये मुळात साउंडकार्डच दिसत नाही, त्यांची अडचण निराळी. विंडोज १० साठी 'आयसीएच ९' हे आभासी साउंडकार्डाचे मॉडेल निवडावे. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. 'एसी ९७' निवडल्यास ६४-बिट विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो. विंडोज एक्सपीसारख्या जुन्या गेस्टसाठी मात्र 'एसी ९७' हीच योग्य निवड. लिनक्स गेस्टमध्ये डेबियनचे 'क्लाउड' कर्नल (क्लाउडवरील मशीनसाठी हलका केलेला प्रणालीचा गाभा) असेल तर त्यात साउंडकार्डाचे ड्रायव्हर नसतात. तेथे नेहमीचे कर्नल टाकणे हाच सरळ उपाय आहे. गेस्टमध्ये पाइपवायर असून आवाज तुटक येत असेल, तर वायरप्लंबर या पाइपवायरची सेटिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आवाजाच्या साठवणीची मापे, म्हणजे पीरियड-साइज १०२४ आणि हेडरूम ८१९२ पर्यंत वाढवल्याने तो सुधारतो.

रोजच्या वापरात दोन मर्यादा जाणवतात. कन्सोलची खिडकी बंद केली की आवाजही थांबतो, कारण वाजवणारी तीच असते. दुसरी मर्यादा किंचित विलंबाची आहे : पॉज दाबल्यानंतर शब्दाचा शेवटचा तुकडा कानावर पडतो. गाणी किंवा व्याख्याने ऐकताना हे लक्षातही येणार नाही, परंतु शब्दांकन करताना वाक्य नेमके कोठे तोडावे यावर त्याचा परिणाम होतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये पॉजनंतर फीत थोडी मागे नेण्याची सोय मी कायम चालू ठेवली आहे. ज्यांना थेट ध्वनिमुद्रणाचे संकलन करायचे आहे, त्यांना ही व्यवस्था मी सुचवणार नाही. ऐकून लिहिण्यासाठी मात्र ती निःशंकपणे वापरावी.