एकाच घरात दोन शॉटगन: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या घरी दोन मॉसबर्ग 500 आहेत, म्हणजे प्रत्येक फायरनंतर पुढच्या हाताने पंप मागेपुढे ओढायच्या शॉटगन. दोन्ही बारा गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद), दोन्हींची नळी साडेअठरा इंची, दोन्हींची सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, एकाच जागी. फरक आहे तो दस्त्याच्या लांबीचा आणि एकीवरच्या दिव्याचा. दुसरी घेताना जवळपास प्रत्येकाने सांगितलं होतं की एकसारख्या दोन घेऊन काय करणार, काहीतरी वेगळं घे. वर्षभर दोन्ही वापरल्यावर माझं मत नेमकं उलट्या बाजूने पक्कं झालं आहे. घराच्या रक्षणासाठी दुसरी शॉटगन घ्यायचीच असेल, तर ती पहिलीसारखीच असावी आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मापाची असावी. टेक्ससमधल्या मराठी घरांत हा विषय हल्ली बराच निघतो आणि सल्ला बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवरून आलेला असतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही ह्यूस्टनच्या वायव्येला, वॉलर काउंटीत राहतो. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर नाही आणि शेरिफचा डेप्युटी गाडी घेऊन पोचेपर्यंत बराच वेळ जातो. जुलै 2024 मध्ये बेरिल चक्रीवादळ मॅटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं आणि ह्यूस्टन परिसरात 20 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमच्याकडे ती कित्येक रात्री नव्हती. कॅमेरे, वायफाय, दारावरची बेल, सगळं बंद. त्या दिवसांत आम्ही नवराबायको या विषयावर पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो. बायको म्हणाली, "ही बंदूक तुझ्या मापाची आहे. तू घरी नसलास की हिचा मला काही उपयोग नाही."

ते अक्षरशः खरं होतं. कारखान्यातून येणारा दस्ता चापापासून साधारण 14 इंच लांब असतो. बायकोची उंची पाच फुटांच्या आसपास. तो दस्ता खांद्याला लावला की तिचा पुढचा हात पंपाच्या जेमतेम टोकापर्यंत पोचायचा, मान मागे जायची आणि कंबर पुढे यायची. अशा अवस्थेत पंप पूर्ण मागे येत नाही. पंप अर्धवट ओढला की वापरलेलं काडतूस बाहेर पडत नाही किंवा नवीन नीट चढत नाही, आणि बंदूक तिथेच अडकते. हा ताकदीचा प्रश्न नाही, मापाचा आहे. दुसऱ्या बंदुकीला आम्ही मॅगपुलचा एसजीए दस्ता लावला. त्यात मधल्या चकत्या काढून लांबी साडेबारा इंचांपर्यंत खाली आणता येते. त्या एका बदलाने तिचं पंप करणं सुधारलं. तिला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. घरात एकच शॉटगन ठेवायची असेल, तर आखूड दस्ता लावा आणि दोघांनी तीच वापरा. उंच माणूस आखूड दस्त्यावर निभावून नेतो, बुटक्या माणसाला लांब दस्त्यावर निभावता येत नाही. मग आम्ही दुसरी का घेतली? कारण पहिली वर्षातून काही महिने घरची राहत नाही. मॉसबर्ग 500 ची नळी मॅगझिनच्या (नळीखाली काडतुसं भरून ठेवायच्या जागेच्या) टोकाचा स्क्रू फिरवला की निघते. सप्टेंबरात कबुतरांचा हंगाम सुरू झाला की मी तिला 28 इंची नळी लावून शेतावर नेतो. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसं चालतात, म्हणून मॅगझिनमध्ये लाकडी दांडी घालावी लागते. म्हणजे त्या काळात ती बंदूक घरी असली तरी तिची नळी लांब, क्षमता कमी आणि आत पक्ष्यांचे छर्रे. घरासाठीची बंदूक अशी दर हंगामाला बदलत राहणं मला पटत नाही. आता आखूड दस्त्याची बंदूक कायम घरची आणि कायम एकाच अवस्थेत असते. तिला शिकारीला हात लावायचा नाही, हे ठरलेलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "बायकोसाठी वीस गेज घ्या, धक्का कमी बसतो" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. वीस गेज स्वतः वाईट नाही. घरात फक्त तीच असती तर मी एक शब्द बोललो नसतो. पण बारा आणि वीस एकाच घरात, एकाच कपाटात, घाईत हाताळली जाणार असतील तर धोका खरा आहे. वीस गेजचं काडतूस बारा गेजच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, बसत नाही, ते घसरून पुढे नळीत जाऊन अडकतं. वरून पाहिलं तर चेंबर रिकामं दिसतं. माणूस बारा गेजचं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी पुढच्या हाताच्या आसपास फुटते. हे टाळण्यासाठीच अमेरिकेत वीस गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. पण वीज गेलेल्या घरात अंधारात रंग कसला दिसणार? म्हणून आमच्या घरात वीस गेजचं एकही काडतूस नाही. मित्र शिकारीला येतो तेव्हाही त्याची पिशवी त्याच्याच गाडीत राहते.

धक्क्याचा प्रश्न काडतुसाने सुटतो. नऊ छर्ऱ्यांचं नेहमीचं डबल-ऑट बकशॉट (मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस) सुमारे 1325 फूट प्रतिसेकंद वेगाने जातं, तर कमी धक्क्याचं साधारण 1145 च्या आसपास. आकड्यांतला हा फरक खांद्याला लगेच कळतो. आम्ही फेडरल कंपनीचं फ्लाइटकंट्रोल बकशॉट वापरतो, कमी धक्क्याचं. सरावासाठी हलकी, मातीच्या तबकड्यांवर मारायची स्वस्त काडतुसं. बायकोने सुरुवात त्यांच्यावर केली आणि बकशॉट हातात आलं तेव्हा तिला धास्ती उरली नव्हती.

शॉटगनला नेम लागत नाही हा समज मात्र घरातून हद्दपार करा. खोलीच्या अंतरावर छर्रे पसरतातच किती? साध्या नळीतून साधारण यार्डाला इंच, आणि फ्लाइटकंट्रोलसारख्या काडतुसात त्याहून बरंच कमी. सात यार्डांवर आमच्या कागदावर एकच ओबडधोबड भोक दिसलं. नेम धरावाच लागतो. आणखी एक सांगतो: एकाच मॉडेलच्या दोन नळ्या एकच काडतूस वेगवेगळं फेकू शकतात. दोन बंदुका असतील तर दोन्हींनी कागदावर मारून बघा. एकीचा निकाल दुसरीला लावू नका.

सेफ्टीबद्दल थोडं विस्ताराने. मॉसबर्ग 500 ची सेफ्टी वर, अंगठ्याखाली असते. रेमिंग्टन 870 ची चापामागे आडव्या बटणावर. मॅव्हरिक 88 ही मॉसबर्गचीच स्वस्त बहीण, टेक्ससमधल्या ईगल पासला तयार होते, बरेचसे भागही एकमेकींना चालतात, पण सेफ्टीला आडवं बटण. दुसरी बंदूक म्हणून मॅव्हरिक घेणं खिशाला फार सोपं आहे. माझ्या आसपास ती 500 च्या जवळपास निम्म्या किमतीत मिळत होती. मी ती घेतली नाही, ती फक्त सेफ्टीच्या जागेमुळे. ज्यांनी उजवीकडे गिअर असलेली जुनी बुलेट चालवली आहे आणि मग नव्या गाडीवर बसले आहेत, त्यांना हे लगेच समजेल. ब्रेकच्या वेळी पाय जुन्याच जागी जातो. घरात दोघांपैकी कुणाच्याही हातात कुठलीही बंदूक आली तरी अंगठा त्याच जागी जायला हवा. (पिस्तुलासारखी मूठ असलेला दस्ता मॉसबर्गला लावू नका. वरच्या सेफ्टीपर्यंत अंगठा नेताना पकड सैल होते.)

सेमी-ऑटोचाही, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या बंदुकीचाही, विचार केला होता. मित्राची बेरेटा ए300 अल्टिमा पेट्रोल आम्ही दोघांनी चालवून पाहिली. धक्का कमी, पंप करायची भानगड नाही, बायकोला ती मनापासून आवडली. एकच शॉटगन घेणाऱ्याने आणि हजार डॉलरच्या घरात खर्च करू शकणाऱ्याने ती जरूर बघावी. आमच्याकडे पंप आधीपासून होती, म्हणून दोन वेगळ्या पद्धती डोक्यात ठेवायच्या नव्हत्या.

आता नियम. आमच्या घरात एका वेळी एकच बंदूक तिजोरीबाहेर येते. दोन बंदुका म्हणजे दोन नेमबाज, हे डोक्यातून काढून टाका. अमेरिकेतली घरं लाकडी सांगाड्याची, आतल्या भिंती अर्ध्या इंचाच्या जिप्समच्या. डबल-ऑट छर्रा अशा एकामागून एक भिंती पार करतो. सातारा-सांगलीकडच्या विटांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण नेमबाजीच्या रेंजवर जिप्समचे तुकडे उभे करून एकदा बघा. अशा घरात दोन माणसं दोन खोल्यांतून बंदूक घेऊन निघाली, तर सगळ्यात मोठा धोका त्यांना एकमेकांपासूनच. म्हणून आमची योजना साधी आहे. सगळ्यांनी वरच्या मजल्यावर मुलीच्या खोलीत जमायचं, दार लावायचं, एकाने 911 ला फोन करून बोलत राहायचं, दुसऱ्याने दाराकडे तोंड करून थांबायचं. खाली शोधायला कुणी जायचं नाही. टीव्ही नेला तर नेला.

हा नियम मला सर्वांत जास्त पटला तो सासूबाई आल्यावर. त्या सहा महिने आमच्याकडे होत्या. पहाटे चारला उठून, दिवा न लावता, खाली जाऊन चहा ठेवायची त्यांची सवय. पहिल्या आठवड्यात तर जेट लॅगमुळे रात्री दोनलाही भांड्यांचा आवाज यायचा. मराठी घरात आईवडील असेच मुक्कामाला येतात आणि रात्री घरात चालणारं माणूस बहुतेक वेळा आपलंच असतं. म्हणून चेंबर रिकामं. म्हणून आधी मराठीत हाक: "कोण आहे?" आणि म्हणून हातात वेगळी बॅटरी, कारण बंदुकीवरच्या दिव्याने कोण आहे हे बघायचं म्हणजे नळी त्या माणसावर रोखायची. सासूबाईंना आम्ही सगळं समजावून सांगितलं, तिजोरी दाखवली, खाली पायऱ्यांजवळ हालचालीवर पेटणारे दिवे बसवले. त्यांनी एकच विचारलं, "पोरीच्या हाताला तर लागणार नाही ना?" हाच प्रश्न विचारायला हवा होता.

त्याचं उत्तर असं. दोन्ही बंदुका बेडरूमच्या कपाटात, भिंतीतल्या लाकडी खांबांना बोल्टने आवळलेल्या लोखंडी तिजोरीत आहेत. दुसरी खाली हॉलमध्ये ठेवावी असं काहींनी सुचवलं. ते मला अजिबात मान्य नाही. खालची बंदूक चोराला तुमच्याआधी सापडते, आणि घरात कुणी नसताना घर फोडलं तर ती सहज चोरीला जाऊ शकते. टेक्ससमध्ये निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे. कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं. घरच्या बंदुकीची मॅगझिन भरलेली, चेंबर रिकामं, घोडा (काडतुसावर आपटणारा आतला हातोडा) पडलेला. घोडा पडलेला असला की पंप थेट ओढता येतो, मागची कळ दाबावी लागत नाही. चेंबरमध्ये काडतूस ठेवून सेफ्टीवर विसंबू नका. अशा बंदुकांत सेफ्टी बहुधा फक्त चाप अडवते. बंदूक आपटली तर काय होईल याची खात्री ती देत नाही. शिकारीची बंदूक पूर्ण रिकामी, कुलूप घालून. बंद खोलीत शॉटगनचा आवाज 150 डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानावरचे इलेक्ट्रॉनिक मफ तिजोरीतच टांगलेले आहेत. त्यातून बोलणं ऐकू येतं.

देखभालीत ह्यूस्टनची हवा हाच मुख्य शत्रू. ब्लूइंग (काळसर मुलामा) केलेल्या नळीवर घामट हात लागला आणि पुसला नाही की गंज दिसतो. तिजोरीत सिलिका जेल आणि तेलाचं फडकं असतं. मॅगझिनमध्ये महिनोन्‌महिने तीच काडतुसं ठेवली तर स्प्रिंगच्या दाबाने प्लास्टिकचं आवरण चेपतं. ती रेंजवर संपवायची आणि नवी भरायची. दारू नसलेल्या सरावाच्या काडतुसांवर घरी सराव होतो, पण त्या वेळी खरी काडतुसं खोलीतच नसतात.

नवीन आलेल्यांसाठी एक गोष्ट: एच1बी किंवा एफ1 व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने सर्वसाधारणपणे बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा. यात चूक झाली तर ग्रीन कार्डही हातचं जाऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर 4473 फॉर्म भरून, पार्श्वभूमी तपासून शॉटगन मिळते. भारतात 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यासाठीही परवाना लागतो आणि कोकणात पीकसंरक्षणाची बंदूकसुद्धा निवडणुकीत अनेकदा पोलिस ठाण्यात जमा करावी लागते. इथे टेक्ससमध्ये शॉटगन बाळगायला परवाना लागत नाही, त्यामुळे किती आणि कोणत्या ठेवायच्या हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

आधी दाराच्या चौकटीतले आखूड स्क्रू काढून तीन इंची घाला, बाहेर दिवे लावा, मग तिजोरी, मग बंदूक, मग रेंजवरचे पैसे. दुसरी बंदूक सगळ्यात शेवटी. घरच्या बंदुकीच्या पंपावर दिवा बसवायचा की नाही, यावर आमच्या घरात अजून चर्चा चालू आहे. माझ्या बंदुकीवर आहे. बायकोचं म्हणणं, वजन पुढे गेलं की तिचा हात लवकर दमतो. पुढच्या वेळी रेंजवर माझा दिवा तिच्या बंदुकीला लावून बघणार आहोत, मग ती ठरवेल.